तेलाने माखलेली माती सिमेंटने बांधून रस्त्याच्या पायात वापरावी का?

दगडमाती

आखातातील तेलक्षेत्रांत विहिरींच्या आसपास, गळक्या वाहिन्यांच्या कडेला आणि जुन्या गाळखड्ड्यांच्या तळाशी तेलाने माखलेल्या मातीचे ढीग वर्षानुवर्षे पडून असतात. त्याच क्षेत्रांत रस्त्यांच्या भरावासाठी आणि सबबेससाठी, म्हणजे रस्त्याच्या मुख्य पायाच्या (बेसच्या) खालच्या थरासाठी, चांगला माल मात्र लांबून आणावा लागतो. ही माती सिमेंट मिसळून रस्त्याच्या पायात घालता येईल का, हा प्रश्न त्यामुळे तिथे फार जुना आहे. मी ओमानमध्ये रस्त्यांच्या आखणीचे आणि मालपरीक्षणाचे काम करतो, म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडतो आहे.

या प्रश्नाला खरी निकड आली ती कुवेतमुळे. १९९१ च्या युद्धात माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने तिथल्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर नोव्हेंबरमध्ये विझली, पण तोपर्यंत वाळवंटात तेलाची तळी साचली होती आणि लांबपर्यंतची वाळू तेलाने भिजली होती. कुवेतच्या संशोधकांनी त्या वाळूवर केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्यक्ष स्थितीशी जुळावे म्हणून वजनाच्या ६ टक्क्यांपर्यंत तेल मिसळून चाचण्या घेतल्या. वाळूची ताकद आणि पाणी झिरपू देण्याची क्षमता थोडीशी घटते आणि दाबाखाली ती जास्त बसते, असे त्यांना आढळले. अशा मालाची विल्हेवाट रस्तेबांधणीसारख्या कामांत लावणे श्रेयस्कर ठरेल, असेही त्यांनी सुचवले. पुढे २००५ मध्ये ओमानमधील संशोधकांनी तेलमिश्रित मातीवर साधे पोर्टलँड सिमेंट आणि सिमेंटच्या भट्टीतून निघणारी बायपास धूळ अशा दोन्ही मिश्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास धूळ हाही एक टाकाऊ पदार्थच असल्यामुळे त्या प्रयोगाला दुहेरी महत्त्व होते.

माझे मत असे आहे की जड, जुने आणि मुरलेले कच्चे तेल थोड्या प्रमाणात असलेली वाळूसर माती सिमेंटने बांधून सबबेसमध्ये वापरणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. मात्र पेट्रोल, डिझेल किंवा ताजे हलके तेल असलेल्या मातीला हा उपाय लावू नये. आपल्याकडे निविदेत फक्त सिमेंटची टक्केवारी आणि सात दिवसांची ताकद लिहिली जाते, आणि मातीत कोणते तेल आहे याची चौकशी कोणीच करत नाही. तेल ओळखल्याशिवाय सिमेंटचे प्रमाण ठरवणे मला मूळातच चुकीचे वाटते. या विषयाशी संबंधित रसायनशास्त्र, प्रयोगशाळा आणि पर्यावरण अशा तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी आपापले म्हणणे मांडावे, अशी विनंती आहे.

चुनखडी

तेल ओळखण्याविषयीच्या आपल्या मुद्द्याला रासायनिक आधार आहे, तो मांडते.

सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटांची पाण्याशी अभिक्रिया होऊन जो चिकट जेल तयार होतो, तोच मातीचे कण एकमेकांशी जखडतो. या अभिक्रियेत चुनाही मुक्त होतो आणि माती चिकणमातीची असेल तर तो पुढे तिच्यातील सिलिका व अॅल्युमिनाशी संथपणे संयोग पावून ताकदीत भर घालतो. कच्च्या तेलातील सरळ साखळीचे हायड्रोकार्बन या अभिक्रियेत रासायनिक अडथळा फारसा आणत नाहीत. त्यांचा अडथळा मुख्यतः भौतिक असतो. कणावर तेलाचा थर बसला की पाणी आणि सिमेंट कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत. तेलाचा हात फिरवलेल्या परातीला कणीक चिकटत नाही, तसाच हा प्रकार आहे. जेल तयार होतो, पण तो कणाला न धरता कणांच्या मधल्या पोकळीत स्वतंत्रपणे घट्ट होतो. म्हणून अशा मातीत सिमेंट वाढवले की ताकद वाढते खरी, पण स्वच्छ मातीइतकी ती सहसा होत नाही.

फिनॉलसारखी संयुगे आणि काही सेंद्रिय आम्ले मात्र प्रत्यक्ष अभिक्रियाच मंद करतात. शुद्धीकरण कारखान्यांच्या गाळात ती आढळू शकतात. तिथे सात दिवसांचा निकाल निराशाजनक आणि अठ्ठावीस दिवसांचा निकाल समाधानकारक, असेही घडते. त्यामुळे केवळ सात दिवसांच्या आकड्यावर मिश्रण नाकारू नये आणि स्वीकारूही नये.

आखातापुरता आणखी एक धोका आहे. तिथल्या सखल, खारट जमिनींत जिप्सम आणि क्षार भरपूर असतात. सल्फेट, चुना आणि अॅल्युमिना एकत्र आले की एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात आणि घट्ट झालेला थर आतून फुगतो. हा दोष तेलाचा नसतो, पण एकाच नमुन्यात दोन्ही गोष्टी असल्या की दोष तेलावर ढकलला जातो आणि सल्फेटची चाचणी राहून जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतही सिमेंटसाठी २ टक्क्यांहून अधिक सेंद्रिय द्रव्य आणि ०.२ टक्क्यांहून अधिक सल्फेट असलेली माती अयोग्य मानली आहे.

ओलावामापक

मी माती आणि डांबर परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो. या विषयावरील चर्चेत ज्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, अशी एक गोष्ट मला सांगायची आहे. ती म्हणजे तेलकट मातीचा ओलावा मोजणे. इथे चूक झाली की पुढचे घनीकरण (म्हणजे माती दाबून घट्ट बसवणे), सिमेंटचे प्रमाण आणि ताकद हे सगळेच चुकते.

नेहमीच्या पद्धतीत आपण नमुना भट्टीत १०५ ते ११० अंशांवर ठेवतो आणि घटलेले सगळे वजन पाण्याचे मानतो. तेलकट मातीत हे गृहीतक टिकत नाही. समजा १०० ग्रॅम नमुन्यात ५ ग्रॅम पाणी आणि ४ ग्रॅम तेल आहे. भट्टीत पाणी सगळे गेले आणि तेलाचा हलका भाग, म्हणजे समजा २ ग्रॅम, उडून गेला. आता ७ ग्रॅम घट दिसेल आणि उरलेल्या ९३ ग्रॅमला आपण कोरडी माती समजू. हिशेबाने ओलावा साडेसात टक्के येईल. प्रत्यक्षात घन माती ९१ ग्रॅम असून पाणी तिच्या साडेपाच टक्केच आहे. हा फरक २ टक्क्यांचा आहे, आणि घनीकरणात २ टक्के म्हणजे थर पास किंवा नापास. शिवाय अशा नमुन्यातून निघणारी वाफ ज्वालाग्राही असते, त्यामुळे साध्या भट्टीत तो ठेवणे धोक्याचेही आहे.

साइटवरील साधनेही इथे फसवतात. अणुघनतामापक यंत्र हायड्रोजनवरून पाणी ओळखते, आणि हायड्रोजन तेलातही असतो. त्यामुळे ते यंत्र तेलालाच पाणी समजते. कॅल्शियम कार्बाइडचा झटपट मापक या बाबतीत बरा, कारण त्यात वायू फक्त पाण्यापासून तयार होतो. पण ढेकळाच्या आत तेलाने वेढलेले पाणी भुकटीपर्यंत पोहोचत नाही आणि आकडा कमी येतो, म्हणून नमुना नीट फोडून घ्यावा लागतो. खात्रीची पद्धत म्हणजे डीन-स्टार्क उपकरण. यात नमुना द्रावकासह उकळतात, पाण्याची वाफ थंड होऊन अंशांकित नळीत जमते आणि पाणी थेट मोजता येते. तेलासाठी सॉक्सलेट उपकरणात द्रावकाने निष्कर्षण करावे. डांबराच्या चाचण्या करणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळेत ही उपकरणे किंवा त्यांची माहिती असणारी माणसे असतातच, म्हणून खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही.

घनीकरणाच्या वक्रावर (ओलावा आणि दबलेल्या मातीची घनता यांच्या आलेखावर) मग केवळ पाण्याऐवजी पाणी अधिक तेल असा एकूण द्रव मांडावा. तेल स्वतःच कणांना वंगण पुरवते, त्यामुळे माती सर्वांत घट्ट बसण्यासाठी लागणारे, म्हणजे इष्टतम, पाणी कमी लागते. स्वच्छ मातीचा आकडा धरून पाणी ओतले तर रोलरखाली थर उसळतो आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी बसत नाही. मात्र पाणी फार तोडूनही चालत नाही, कारण सिमेंटला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी अभिक्रियेसाठीच लागते आणि ती गरज तेल भागवू शकत नाही.

सडकसोबती

वाहन दुरुस्तीच्या आवारांत जुन्या इंजिन ऑइलने काळी पडलेली माती आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. आवाराचे काँक्रीटीकरण करताना ती माती तशीच दाबून वर काम केले जाते किंवा जवळच्या रस्त्याच्या भरावात टाकली जाते. तिला सिमेंट मिसळून वापरले तर निदान सुधारणा होईल, असे म्हणता येईल का?

चुनखडी

सडकसोबती, इंजिन ऑइलची माती ही कच्च्या तेलाच्या मातीपेक्षा वेगळी आणि सिमेंटच्या दृष्टीने अधिक अवघड असते. या तेलात झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसयुक्त संयुग मुद्दाम घातलेले असते, आणि वापरानंतर त्यात इंजिनच्या झिजेतून आलेले इतर धातूही मिसळतात. जस्त हे सिमेंट घट्ट होण्याचा वेग कमी करणारे म्हणून परिचित आहे. नमुना दोन-तीन दिवस मऊच राहिला तर सिमेंट खराब आहे असा निष्कर्ष काढला जातो, पण कारण या जस्तात असू शकते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर धातूंना बांधून ठेवण्याचे काम सिमेंट पुष्कळ चांगले करते, कारण त्याच्या अल्कधर्मी वातावरणात अनेक धातूंची अविद्राव्य संयुगे तयार होतात. शिसे आणि जस्त मात्र अल्कता फार वाढली की पुन्हा विरघळू लागतात. म्हणून जास्त सिमेंट घातले की अधिक सुरक्षित, असे सरसकट म्हणता येत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की पाझर चाचणीशिवाय, म्हणजे पाण्याबरोबर मातीतून काय सुटते हे तपासल्याशिवाय, ही माती वापरू नये, आणि मूळची माती शेतातल्यासारखी काळी चिकणमाती असून तिच्यात इंजिन ऑइल मुरलेले असेल तर सिमेंटचा विचार सोडून द्यावा. चिकट काळ्या मातीची ढेकळे आधी चुन्याने फोडल्याशिवाय सिमेंट आत जातच नाही.

बडोदेकर

चुन्याचा उल्लेख आला म्हणून आमच्या गावाजवळचे उदाहरण नोंदवतो. वडोदऱ्याजवळील पेट्रोरसायन संकुलात इंधन तेलाने दूषित झालेल्या मातीचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. दूषित मातीचा चिकटपणा, अंतर्गत घर्षण आणि दाबताकद हे तिन्ही गुण घटलेले होते, आणि सर्वांत मोठी घट चिकटपणात होती. चुना, फ्लाय अॅश (वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख) आणि सिमेंट हे तिन्ही स्वतंत्रपणे आणि एकत्र करून वापरल्यावर सर्वांत चांगला परिणाम १० टक्के चुना, ५ टक्के फ्लाय अॅश आणि ५ टक्के सिमेंट या मिश्रणाने मिळाला. म्हणजे एकूण २० टक्के मिश्रक. अभ्यास उत्तम आहे, पण रस्त्याच्या कामात एवढे मिश्रक घालणे परवडेल का, हा प्रश्न तो वाचताना माझ्या मनात सतत येत होता. फ्लाय अॅश औष्णिक वीजकेंद्राजवळ स्वस्त पडते, चुना मात्र तसा पडत नाही.

पाणथळ

दगडमाती यांचा प्रामाणिक हेतू मान्य करूनही मला या कल्पनेला बऱ्याच अंशी विरोध नोंदवायचा आहे.

आधी हिशेब पाहू. सात मीटर रुंद आणि २०० मिलिमीटर जाड सबबेसचा एक किलोमीटर म्हणजे १,४०० घनमीटर दबलेली माती. घनता घनमीटरला १.९ टन धरली तर ती २,६६० टन होते. तिच्यात ३ टक्के तेल असेल तर एका किलोमीटरखाली सुमारे ८० टन तेल गाडले जाते. सिमेंट या तेलाचा नाश करत नाही. धातूंप्रमाणे ते तेलाला रासायनिक रीतीनेही बांधत नाही, फक्त सूक्ष्म पोकळ्यांत कोंडून ठेवते. थराला तडे गेले, पाणी आत शिरले, की कोंडलेल्या भागातील काही अंश पुन्हा बाहेर यायचा मार्ग खुला होतो. सिमेंटने बांधलेल्या थराला आकुंचनाचे तडे जातातच, हे रस्त्यांच्या अभियंत्यांना मी सांगायला नको.

दुसरा मुद्दा आपल्या रस्त्यांच्या वास्तवाचा आहे. वाळवंटातील सेवारस्ता एकदा झाला की तसाच राहतो. आपल्याकडे गावातला रस्ता जलवाहिनीसाठी, केबलसाठी, गटारासाठी वारंवार खोदला जातो. खोदलेला माल कडेला टाकला जातो, पावसात धुपतो आणि शेताच्या चरात उतरतो. पंधरा वर्षांनी खोदणाऱ्या मजुराला तो माल काय आहे हे कोण सांगणार? रस्त्याच्या कुठल्या साखळीक्रमांकाखाली (म्हणजे सुरुवातीपासून किती अंतरावर) तेलकट माती आहे, याची नोंद तोपर्यंत कोणत्या कार्यालयात सापडेल?

तिसरा मुद्दा कायद्याचा. तेलमिश्रित गाळ आणि अवशेष २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत येतात. असा कचरा साधनसामग्री म्हणून वापरायचा असेल तर नवव्या नियमानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते आणि ते केंद्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीवर आधारलेले असावे लागते. ठेकेदाराने परस्पर ठरवून करण्याचे हे काम नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामाईक केंद्रे आहेत ती याचसाठी. शिवाय हलक्या आणि मध्यम तेलावर जीवाणूंचा उपाय चालतो. ढीग उलटसुलट करत, ओलावा आणि खत देत काही महिने थांबले तर तेलाचे प्रमाण खरोखर कमी होते. सिमेंट एकदा मिसळले की अल्कता इतकी वाढते की जीवाणूंचा मार्ग बंदच होतो.

किनारपट्टी

पाणथळ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी संबंधित प्रश्न आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यांवर डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे, येतात, आणि ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा गळालेल्या तेलाने किनारे माखले होते. किनाऱ्यावरून गोळा केलेल्या अशा वाळूचे काय करावे?

दगडमाती

किनारपट्टी, डांबरगोळ्यांतील तेल समुद्रात मुरून जड झालेले असते, म्हणून तेलाच्या स्वभावाच्या दृष्टीने ते माझ्या निकषात बसते. पण गोळा केलेल्या मालात शिंपले, शेवाळ आणि प्लॅस्टिक इतके मिसळलेले असते, आणि एका ठिकाणचे प्रमाण इतके कमी व अनियमित असते, की त्यासाठी मिश्रणाचा आराखडा करणे व्यवहार्य ठरत नाही. तो माल विल्हेवाट केंद्रातच जावा.

पाणथळ यांच्या आक्षेपांतील खोदकामाचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. गावठाणातील, नळयोजनेच्या मार्गावरील आणि उथळ भूजलाच्या पट्ट्यातील रस्त्यांसाठी ही माती वापरू नये. तेलक्षेत्राच्या किंवा कारखान्याच्या स्वतःच्या आवारातील रस्ते, जिथे मालकी एकाच संस्थेची असते, खोदकाम परवानगीशिवाय होत नाही आणि नकाशे जपले जातात, तिथेच हा उपाय शोभतो. कुवेत आणि ओमानमधील अभ्यासांचे निष्कर्ष महाराष्ट्रात जसेच्या तसे आणता येणार नाहीत, कारण तिथे पाऊस नगण्य आहे आणि भूजल बहुतेक ठिकाणी खोल आहे.

जीवाणूंच्या उपायाबद्दल मात्र एक भर घालतो. तेलातील जड, डांबरासारखा भाग जीवाणूंना सहजी पचत नाही. हलका भाग जीवाणूंनी संपवावा आणि उरलेला जड भाग सिमेंटने बांधावा, असा क्रम लावला तर दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरतात. माझ्या मते योग्य मार्ग हाच आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ द्यायला यंत्रणेने तयार असले पाहिजे.

आता थराची जागा आणि ताकद. भारतीय रस्ते काँग्रेसच्या लवचीक (डांबरी) रस्त्यांच्या आराखड्यात सिमेंटने बांधलेल्या बेससाठी सात दिवसांची दाबताकद ४.५ ते ७ मेगापास्कल अपेक्षित आहे, तर सबबेससाठी जड वाहतुकीला १.५ ते ३ मेगापास्कल पुरते. तेलकट मातीकडून बेसची अपेक्षा ठेवूच नये. ती गाठण्यासाठी सिमेंट इतके वाढवावे लागते की आकुंचनाचे तडे रुंद होतात, आणि मग पाणथळ म्हणतात तोच धोका आपण पैसे देऊन ओढवून घेतो. सबबेसचा थर खाली राहतो, वर खडीचा थर येतो आणि त्यावर डांबर. हा खडीचा थर तडे वर चढू देत नाही. तेलाचे उरलेले हलके अंश डांबरापर्यंत पोहोचून ते मऊ करू नयेत, यासाठीही तो हवाच. डिझेल सांडलेल्या जागी डांबर कसे सुटते, हे प्रत्येक पेट्रोल पंपाच्या तोंडाशी दिसते.

टिकाऊपणासाठी भिजवणे आणि वाळवणे यांची १२ आवर्तने करून वजनातील घट पाहावी आणि त्या आवर्तनांत नमुन्याखालून निघालेले पाणीही तपासावे. ताकद आणि पाझर या दोन चाचण्या वेगवेगळ्या नमुन्यांवर, वेगवेगळ्या विभागांकडून होतात. झिजलेल्या नमुन्यातून किती तेल सुटते, हे त्यामुळे कोणालाच कळत नाही.

बडोदेकर

खर्चाचा मुद्दा राहिला. पाणथळ यांच्याच हिशेबाने २,६६० टन मातीला ती स्वच्छ असताना ४ टक्के सिमेंट धरले तर सुमारे १०६ टन, आणि तेलामुळे ८ टक्के धरावे लागले तर दुप्पट, २१३ टन. ५० किलोच्या पिशव्यांत मोजले तर किलोमीटरमागे दोन हजारांहून अधिक जादा पिशव्या फक्त तेलामुळे लागतात. मुरूम दहा-बारा किलोमीटरवर मिळत असेल तर हा उपाय आर्थिकदृष्ट्या टिकेल असे वाटत नाही.

दगडमाती

बडोदेकर, तुलना फक्त मुरुमाच्या दराशी करू नये. घातक कचरा केंद्रापर्यंतची वाहतूक आणि तिथले प्रतिटन शुल्क वाचते, ते दुसऱ्या पारड्यात टाकावे लागते. तरीही ८ टक्क्यांच्या पुढे सिमेंट लागत असेल तर मी स्वतः ती माती नाकारेन, कारण तेवढ्या सिमेंटची गरजच सांगते की तेल फार आहे किंवा चुकीच्या प्रकारचे आहे.

ओलावामापक

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रयोगशाळेत आपण एकसारखा मिसळलेला नमुना घेतो, ढिगात मात्र एका बाजूला १ टक्का आणि दुसऱ्या बाजूला ७ टक्के तेल असू शकते. म्हणून ढीग आधी उलटून एकजीव करावा, प्रत्येक भागातून तेलाचे प्रमाण काढावे आणि मगच मिश्रणाचा आराखडा धरावा. सिमेंट पसरल्यावर दोन तासांच्या आत दबाई संपवायची असते, त्या वेळी तेल मोजत बसायला कोणाला सवड नसते. पहिला शंभर मीटरचा तुकडा चाचणीचा म्हणून वेगळा करावा, त्यातून सात आणि अठ्ठावीस दिवसांनी गाभे (थरातून कापून काढलेले दंडगोल नमुने) काढावेत, आणि गाभा अखंड निघत नसेल तर प्रयोगशाळेतील आकडा कितीही चांगला असला तरी पुढचे काम थांबवावे.